पॅसिफिक बेटांवरील अणुस्फोट : 'दूर' म्हणजे कोणापासून?



शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढे आहे. त्या नकाशात पृथ्वीवरील सर्वांत मोठा महासागर नेहमी दुभंगलेला असतो. त्याचा एक तुकडा उजव्या कडेला आणि उरलेला डाव्या कडेला. ज्या बेटांविषयी आज आम्ही बोलणार आहोत ती त्या कडांशी, बारीक ठिपक्यांनी दाखविलेली असतात. पुष्कळदा तेवढेही ठिपके नसतात. ह्या पॅसिफिक महासागरातील बेटांवर आणि त्यांच्या आसपास १९४६ पासून १९९६ पर्यंतच्या पन्नास वर्षांत अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स ह्या तीन राष्ट्रांनी मिळून तीनशेहून अधिक अणुस्फोट केले. तिथेच का केले, असे विचारले म्हणजे एक उत्तर हमखास मिळे : ती बेटे फार दूर आहेत.

खरे पाहता आजच्या व्याख्यानाचा विषय हा एक शब्दच आहे. दूर खरी, पण कोणापासून?

बेट आणि त्यावरची माणसे

प्रथम ही बेटे कशी असतात ते पाहू. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी थंड होऊन हळूहळू खाली खचत जातो. त्याच्या काठाने वाढलेले पोवळ्यांचे कडे मात्र खचण्याच्या वेगाने वरवर चढत राहते. अखेरीस डोंगर पाण्याखाली जातो आणि कडे तेवढे उरते. मध्ये शांत, उथळ पाणी. भोवती बांगडीच्या तुकड्यांसारखी लांबट, चिंचोळी बेटे. ह्यास कंकणद्वीप म्हणतात. ही उपपत्ती चार्ल्स डार्विनने मांडली आणि पुढे एनेवेटाक येथे खोल भोके पाडून पाहिले असता ती खरी ठरली.

मार्शल बेटे ही अशा २९ कंकणद्वीपांची आणि ५ सुट्या बेटांची मालिका आहे. जमीन समुद्रसपाटीपासून काही फूटच वर. नारळ, आपल्या केवड्याच्या कुळातील पंडानस, आरारूट आणि आतल्या पाण्यातील मासे ह्यांवर तेथील लोक शतकानुशतके जगत आले. जमिनीचा वारसा तेथे आईच्या बाजूने चालतो. कोणत्या झाडाचे नारळ कोणाचे, कोणत्या खडकाजवळ कोणता मासा कधी येतो, हे ज्ञान हीच त्यांची मिळकत. ती गाठोड्यात बांधून दुसऱ्या बेटावर नेता येत नाही, ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी.

ह्या बेटांवर आधी जर्मनांचा, मग १९१४ पासून जपान्यांचा अंमल होता. १९४४ साली अमेरिकेने ती जिंकून घेतली. १९४७ साली संयुक्त राष्ट्रसंघाने ती विश्वस्त प्रदेश म्हणून अमेरिकेकडेच सोपविली. तेथील रहिवाशांच्या जमिनी व साधनसंपत्ती त्यांच्या हातून जाऊ नयेत, हे पाहणे विश्वस्ताचे कर्तव्य म्हणून त्या करारात लिहिलेले होते. परंतु करार होण्यापूर्वीच एक बेट गेलेले होते.

बिकिनीचा निरोप

१९४५ च्या ऑगस्टात हिरोशिमा आणि नागासाकी भस्मसात झाली. अणुबॉम्बपुढे आरमार टिकते काय, हे अमेरिकन आरमाराला पडताळून पाहावयाचे होते. त्यासाठी जागा हवी होती ती अशी : अमेरिकेच्या ताब्यातली, जहाजे नांगरण्यास सुरक्षित, विमानतळापासून हजार मैलांच्या आत, नेहमीच्या सागरी मार्गांपासून बाजूला आणि हलविण्यास सोपी अशी थोडी वस्ती असलेली. बिकिनी ह्या कंकणद्वीपाची निवड झाली. 'वस्ती नसलेली' अशी अट नव्हती, 'थोडी वस्ती असलेली' अशी होती. ह्या दोहोंत अंतर फार आहे.

१९४६ च्या फेब्रुवारीतील एका रविवारी, प्रार्थना आटोपल्यावर, अमेरिकन लष्करी प्रशासक बेन वायट ह्यांनी बेटावरच्या लोकांना एकत्र बसविले. मानवजातीच्या कल्याणासाठी आणि जगातील सर्व युद्धांचा शेवट करण्यासाठी आपण आपले बेट तात्पुरते सोडाल काय, असे त्यांनी विचारले. हे लोक मिशनऱ्यांच्या शिकवणुकीतले, देवभोळे. त्यांचे प्रमुख जुडा ह्यांनी उत्तर दिले की, सर्व काही देवाच्या हाती आहे, आम्ही जातो. मार्च महिन्यात १६७ माणसे आपली चर्चची इमारतसुद्धा सुटी करून बरोबर घेऊन निघाली. 'तात्पुरते' ह्या शब्दावर त्यांचा विश्वास होता.

१ जुलै १९४६ रोजी पहिला बॉम्ब विमानातून टाकला गेला. २५ जुलैला दुसरा पाण्याखाली उडविण्यात आला. प्रत्येकाची शक्ती सुमारे २३ किलोटन, म्हणजे २३,००० टन टी. एन. टी. ह्या स्फोटक द्रव्याइतकी. नव्वदांहून अधिक जुनी जहाजे लक्ष्य म्हणून नांगरलेली होती. अमेरिकेचे 'साराटोगा' हे विमानवाहू जहाज आणि जपानचे 'नागाटो' हे युद्धनौकांचे भूषण तेथेच बुडाले. पाण्याखालच्या स्फोटाने उडालेले किरणोत्सर्गी पाणी उरलेल्या जहाजांवर असे बसले, की घासून धुऊनही ती शुद्ध होईनात. तिसरा ठरलेला स्फोट रद्द करावा लागला. इकडे पहिल्या स्फोटानंतर चारच दिवसांनी पॅरिसमधील एका पोषाखकाराने स्त्रियांच्या पोहण्याच्या तोकड्या पोषाखाला 'बिकिनी' हे नाव दिले. जगाच्या तोंडी ते नाव राहिले, पण ते कोणाच्या गावाचे आहे, हे जग विसरले.

बिकिनीचे लोक सव्वाशे मैलांवरच्या रोंगेरिकवर उतरविले गेले होते. तेथील नारळ अपुरे. पुष्कळ मासे विषारी. दोन वर्षांत उपासमारीची पाळी आली. १९४८ च्या मार्चात त्यांना क्वाजालीनच्या धावपट्टीशेजारी तंबूंत आणले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात किली नावाच्या बेटावर नेले. किली अर्ध्या चौरस मैलाहूनही लहान. त्याच्या पोटात शांत पाणी नाही. वर्षातले कित्येक महिने लाटा अशा उसळतात, की होडी लोटता येत नाही. आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस किनाऱ्यावर बसून डब्यातल्या अन्नाच्या जहाजाची वाट पाहू लागला.

हिशेबातली चूक

१ नोव्हेंबर १९५२ रोजी एनेवेटाक येथे अमेरिकेने हायड्रोजनच्या संयोगावर चालणारे पहिले प्रचंड यंत्र उडविले. शक्ती १०.४ मेगाटन, म्हणजे एक कोटी टनांहून अधिक टी. एन. टी. एलुगेलाब नावाचे अख्खे बेट नाहीसे झाले. त्या जागी मैलभराहून अधिक रुंद असा खड्डा तेवढा राहिला.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे १ मार्च १९५४ चा बिकिनीवरील 'ब्राव्हो' स्फोट. त्यात लिथियम धातूचे संयुग इंधन म्हणून वापरले होते. निसर्गात लिथियमचे दोन प्रकार सापडतात : सहा भाराचा आणि सात भाराचा. सहा भाराचा प्रकार प्रक्रियेत भाग घेईल आणि सात भाराचा निष्क्रिय राहील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब होता. प्रत्यक्षात वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्याने सात भाराचा लिथियमही फुटला आणि त्यातून आणखी इंधन तयार झाले. सुमारे ६ मेगाटनांचा अंदाज होता. स्फोट झाला १५ मेगाटनांचा. हिरोशिमाचे हजार बॉम्ब एका क्षणी फुटावेत तसा.

स्फोटाचा गोळा प्रवाळाच्या खडकाला भिडला. प्रवाळ म्हणजे चुनखडीच. लाखो टन चुनखडी भाजून, भुकटी होऊन, किरणोत्सर्गी द्रव्यांसह आकाशात गेली. वरच्या थरांतील वारे पूर्वेकडे वळत आहेत, अशी नोंद आदल्या रात्रीच झाली होती. तरी स्फोट पुढे ढकलला गेला नाही.

पूर्वेला सुमारे १०० मैलांवर रोंगेलाप हे कंकणद्वीप आहे. १९४६ च्या स्फोटांच्या वेळी तेथील लोकांना खबरदारी म्हणून दुसरीकडे हलविले होते. १९५४ चा स्फोट त्यांतल्या एकेकाच्या सहाशेपटीहून मोठा. ह्या वेळी मात्र त्यांना हलविले नाही. त्या दिवशी रोंगेलापवर ६४ आणि शेजारच्या आइलिंगिनाएवर १८ माणसे होती. पहाटे पश्चिमेला जणू दुसरा सूर्य उगवला. काही तासांनी आकाशातून पांढरी भुकटी पडू लागली. ती केसांत अडकली, पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्यांत पडली, वाळत घातलेल्या अन्नावर बसली. मुले तीत खेळली. संध्याकाळपर्यंत अंगाची आग, उलट्या आणि डोळ्यांची जळजळ सुरू झाली. पुढे कातडी सोलली आणि केसांचे पुंजके हातात येऊ लागले.

रोंगेरिकवर हवामानखात्याचे काम करणारे २८ अमेरिकन होते. त्यांची सुटका दुसऱ्या दिवशी झाली. रोंगेलापच्या लोकांना बोट आली ती सुमारे ५० तासांनी. त्याहून लांबच्या उटिरिकच्या लोकांना आणखी एक दिवस वाट पाहावी लागली. ही भुकटी त्यांच्यावर जाणूनबुजून पाडली, असे सिद्ध झालेले नाही; तसे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु काही दिवसांतच ह्या माणसांच्या शरीरांवरील परिणामांचा अभ्यास करण्याचा एक गुप्त प्रकल्प सुरू झाला आणि तपासणी कशासाठी चालली आहे, हे त्यांना धडपणे सांगितले गेले नाही, हेही तितकेच खरे.

वाऱ्याला सरहद्द नसते

ही कथा कदाचित बेटांवरच गाडली गेली असती. परंतु त्या पहाटे सुमारे ८० मैलांवर, अमेरिकेने आखलेल्या धोक्याच्या रेषेबाहेर, एक जपानी मासेमारी बोट होती. तिचे नाव 'दाइगो फुकुर्यू मारू', म्हणजे 'पाचवा भाग्यवान ड्रॅगन'. तिच्यावर २३ खलाशी होते. दोन आठवड्यांनी ती याइझू बंदराला लागली, तेव्हा सारे आजारी होते. बिनतारी यंत्र चालविणारे कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबर १९५४ रोजी वारले. जपानात मासळीबाजार ओस पडले. टोकियोच्या एका पेठेतील गृहिणींच्या सह्यांपासून चळवळ सुरू झाली आणि वर्षभरात तीन कोटींहून अधिक सह्या गोळा झाल्या.

ब्राव्होच्या धुळीचे अंश ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, युरोपच्या काही भागांत आणि हिंदुस्थानातही आढळले. जे बेट 'दूर' म्हणून निवडले, त्याची धूळ आपल्या अंगणात आली होती. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत निवेदन केले : संपूर्ण निःशस्त्रीकरण होईल तेव्हा होवो, निदान तोवर हे स्फोट तरी थांबवा, आणि त्यांचे परिणाम जनतेला उघडपणे सांगा. एखाद्या सरकारप्रमुखाने अशी जाहीर मागणी करण्याची ती पहिलीच वेळ. १९५५ साली राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा विचार करण्यासाठी शास्त्रज्ञांची समिती नेमली. तीत भारताच्या वतीने मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर बसले. आपल्या श्रोत्यांना हे नाव अभिमानाने आठवावे असेच आहे.

मार्शल बेटांच्या लोकांनीही त्याच एप्रिलात राष्ट्रसंघाकडे अर्ज केला. आम्हांस जमीन म्हणजे पीक काढण्याची, घर बांधण्याची वा मेलेल्यांस पुरण्याची जागा एवढेच नव्हे. ती गेली की आमचा प्राण गेला, अशा अर्थाचे त्यात लिहिले होते. विश्वस्त मंडळाने खबरदारी घेण्याची सूचना केली आणि स्फोट चालू राहू दिले. १९५८ पर्यंत मार्शल बेटांत एकूण ६७ स्फोट झाले. त्यांतील २३ बिकिनीवर.

येथे एक तुलना करून पाहावी. अमेरिकेने स्वतःच्या नेव्हाडा वाळवंटातही स्फोट केले. तेथे उघड्या हवेत केलेला सर्वांत मोठा स्फोट ७४ किलोटनांचा. ब्राव्हो त्याच्या सुमारे दोनशे पट. एवढा मोठा बॉम्ब घराजवळ फोडणे धोक्याचे, हे करणारांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच तो दुसऱ्याच्या घराजवळ फोडला.

ब्रिटनने १९५७-५८ मध्ये माल्डन आणि ख्रिसमस बेटांवर नऊ स्फोट केले. फ्रान्सचे आरंभीचे स्फोट अल्जीरियाच्या सहारात झाले. १९६२ साली अल्जीरिया स्वतंत्र झाला, तेव्हा फ्रान्सने पॅसिफिकमधील मोरुरोआ आणि फांगाटाउफा ही कंकणद्वीपे निवडली. १९६६ ते १९९६ ह्या तीस वर्षांत तेथे १९३ स्फोट झाले. १९६३ च्या मॉस्को करारान्वये अमेरिका, रशिया व ब्रिटन ह्यांनी हवेतील स्फोट सोडून दिले. फ्रान्सने मात्र त्यानंतर अकरा वर्षे ते चालू ठेवले. १९७४ च्या जुलैतील एका स्फोटाचा ढग अनपेक्षित दिशेने वळून साडेसातशे मैलांवरील ताहितीवरून गेला. वीस वर्षांपूर्वीचा धडा वाऱ्याने पुन्हा गिरवून दाखविला.

परतीची वाट

आपण म्हणाल, स्फोट थांबले. मग लोक घरी का गेले नाहीत? गेले होते. आणि ह्या कथेतील सर्वांत कडू भाग तोच आहे.

रोंगेलापचे लोक १९५७ साली, बेट आता सुरक्षित आहे अशा आश्वासनावर परतले. त्याआधी, १९५६ च्या जानेवारीत, अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाच्या एका सल्लागार बैठकीत असा विचार बोलून दाखविला गेला, की असे लोक दूषित जागी राहिल्यास माहिती फार उपयोगी मिळेल. ते पाश्चात्त्यांसारखे सुधारलेले नसतील, पण उंदरांपेक्षा आपल्याशी अधिक मिळतेजुळते आहेत. त्या बैठकीचे टिपण आज उपलब्ध आहे. १९६३ च्या सुमारास ज्या मुलांनी भुकटीत खेळ केला होता त्यांच्या गळ्यात गाठी दिसू लागल्या. कारण असे : अणुस्फोटातून किरणोत्सर्गी आयोडीन निघते आणि शरीर आयोडीन गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत साठवते. लहान मुलांची ग्रंथी लहान, म्हणून मारा अधिक. दहा वर्षांखालील बहुतेक मुलांना हा विकार जडला.

बिकिनीच्या लोकांनाही १९६८ साली परतण्याची परवानगी जाहीर झाली. नवे नारळ लावले, घरे बांधली, काही कुटुंबे परतली. येथे पुन्हा एक शास्त्रीय चूक झाली. सीझियम नावाचे द्रव्य रासायनिक गुणांनी पोटॅशियमसारखे असते. झाडाला पोटॅशियम लागतेच. आपल्याकडच्या मातीत ते पुरेसे असते. प्रवाळाच्या वाळूत मुळीच थोडे. तेव्हा भुकेले झाड मिळेल ते सीझियम ओढून घेते आणि ते नारळाच्या पाण्यात व खोबऱ्यात उतरते. त्याची शक्ती अर्धी व्हावयास तीस वर्षे लागतात. परतलेल्यांच्या शरीरांत सीझियमचे प्रमाण वाढत गेले आणि १९७८ साली त्यांना दुसऱ्यांदा बेट सोडावे लागले. पुढे शास्त्रज्ञांनी मातीला पोटॅशियमचे खत घालून पाहिले, तेव्हा झाडातील सीझियम पुष्कळ कमी झाले. उपाय सापडला, परंतु गाव तोवर दोनदा उठले होते. बिकिनीवर आजही स्थायी वस्ती नाही.

रोंगेलापच्या लोकांनी १९८५ साली कोणाच्या परवानगीची वाट न पाहता स्वतःच बेट सोडले. त्यांना 'रेनबो वॉरियर' ह्या जहाजाने मेजाट्टो बेटावर नेले. तेच जहाज पुढे मोरुरोआच्या स्फोटांविरुद्ध निघणार होते. १० जुलै १९८५ रोजी ऑकलंड बंदरात फ्रेंच हेरांनी सुरुंग लावून ते बुडविले. त्यात छायाचित्रकार फर्नांडो परेरा मृत्युमुखी पडले.

एनेवेटाकवर १९७७ ते १९८० मध्ये सफाई झाली. दूषित माती व मोडतोड १९५८ च्या एका स्फोटाच्या खड्ड्यात लोटून तिच्यावर सुमारे पावणेचारशे फूट व्यासाचे काँक्रीटचे झाकण घातले. वरून झाकण आहे, खाली तळ मात्र बांधलेला नाही; आणि समुद्राची पातळी चढते आहे. एनेवेटाकचे लोक १९८० साली त्याच कंकणद्वीपाच्या दुसऱ्या बाजूला परतले आणि त्या झाकणाचे शेजारी झाले.

१९८६ साली मार्शल बेटे स्वतंत्र झाली. अमेरिकेने १५ कोटी डॉलरांचा निधी दिला. नुकसानभरपाईच्या न्यायासनाने मंजूर केलेल्या रकमा दोनशे कोटींच्या वर गेल्या. हुकूमनामा हाती आहे, पण तिजोरी रिकामी, अशी त्या लोकांची स्थिती झाली.

आपला संबंध

दुरून डोंगर साजरे, अशी आपल्यात म्हण आहे. हे सारे ऐकून, झाले ते वाईट झाले, पण आपणांस त्याचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून शेवटी एकच घटना सांगतो.

२०१४ साली ह्या चिमुकल्या राष्ट्राने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात नऊ अण्वस्त्रधारी देशांविरुद्ध अर्ज केले. निःशस्त्रीकरणाची बोलणी करण्याचे कर्तव्य हे देश टाळीत आहेत, अशी त्याची तक्रार होती. नुकसानभरपाई त्याने मागितली नव्हती. ज्या तीन देशांवरील खटले पुढे चालले त्यांत ब्रिटन आणि पाकिस्तान ह्यांच्याबरोबर भारतही होता. १९७४ आणि १९९८ साली आपणही पोखरणच्या वाळवंटात स्फोट केले होते, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. आपली बाजू अशी, की बंधन सर्वांवर सारखे असावे. आणि त्या बाजूला वजन आहे. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने, उभयपक्षांत कायदेशीर वाद असल्याचे सिद्ध होत नाही, ह्या मुद्द्यावर खटला काढून टाकला. भारताविषयीचा निकाल ९ विरुद्ध ७ मतांनी लागला.

१९५४ साली ज्यांच्यासाठी आपण लोकसभेत आवाज उठविला, त्यांनीच साठ वर्षांनंतर आपणांस न्यायासनापुढे उभे केलेले होते. ह्यात कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, हे ठरविण्यास हे व्यासपीठ अपुरे आहे. परंतु त्या वेळचा आपला प्रश्न आणि त्यांचा आजचा प्रश्न एकच आहे, एवढे तरी आपण ओळखावे.

मार्शल बेटांत १ मार्च हा दिवस दरवर्षी स्मृतिदिन म्हणून पाळतात. तो आला की आपणही तो दुभंगलेला नकाशा एकदा पाहावा. आणि कोणी 'ते फार दूर आहे' म्हणाले, तर 'कोणापासून?' एवढे विचारावे. प्रश्न लहान आहे. पण १९४६ साली तो विचारणारा कोणी भेटला असता, तर १६७ माणसांना आपली प्रार्थनेची इमारत मोडून बोटीत घालावी लागली नसती.